ज्यानं नाव आणलं त्यानं

दीनामावशी पंचांसमोर आली तेव्हा तिच्या हातांना कणीक लागलेली होती.

शनिवारची दुपार, चारचा सुमार. दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन. त्या भोजनाची भाकर गेली बावीस वर्षं दीनामावशीच करत आली होती. बोलावणं गेलं तेव्हा ती मळायला बसलेली असणार. चर्चमागच्या खोलीच्या दारात ती थांबली, हात पदराला पुसले, कणीक काही निघत नाही असं पाहिलं आणि तशीच आत आली. पाळकसाहेबांना सलाम केला, आढावकाकांना केला. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घालून बसले होते.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, लहानशी. दीडशे माणसं, एक चर्च, एक शाळा आणि मुलींचं एक बोर्डिंग. मंडळीचे पंच चार. एक पाळकसाहेब, नवे आणि तरुण, ज्यांना सगळं एका वर्षात सुधारायचं होतं. दुसरे आढावकाका, दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर, ज्यांना दुसऱ्याचं दुखणं त्याच्या आधी कळायचं. तिसरे शांतवन मास्तर, ज्यांना ऐकू येत नसे, म्हणून ते सगळ्यांनाच मान डोलवत. आणि चौथी मी, मार्था बोर्डे, वय सत्तावीस, शाळेत मास्तरीण आणि पंचांची चिटणीस. बाईला पंच करायची मंडळीची ती पहिलीच वेळ होती. मला त्याचा इतका ताठा होता, की डोळे चांगले असूनही मी बैठकीला चष्मा लावून बसायची.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "दीनाबाई, तुमच्या नातीच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहिलाय?"

"हिंदू."

"आणि तो कुणी लिहवला?"

"मीच. हेडमास्तरांच्या पुढ्यात बसून."

आढावकाका मोठं भाषण तयार करून आले होते. ते तसंच खिशात राहिलं.

हा दाखल्याचा मामला आमच्याकडे घरोघरी होता. आमच्या आज्यापणज्यांनी जुनी जात सोडून बाप्तिस्मा घेतला. पण जात सोडली तरी दारिद्र्य काही सुटलं नाही. सरकारी सवलत होती ती जुन्या जातीला. ख्रिस्ती म्हणून लिहिलं की संपली. म्हणून कित्येक घरांतून मुलांच्या दाखल्यावर 'हिंदू' लागायचं आणि खाली तीच जात, जिच्यातून सुटलो म्हणून आम्ही दर वर्षी मंडळीचा वाढदिवस करायचो. सगळ्यांना ठाऊक, कुणी बोलत नव्हतं. त्या वर्षी मात्र नव्या पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून ते उघड काढलं. कागदावर नाकारणं म्हणजे प्रभूला नाकारणं, असं ते म्हणाले. आढावकाकांनी त्याच्यापुढे पाऊल टाकलं आणि सुचवलं, की प्रत्येकानं आपापला दाखला आणून पंचांना दाखवावा. मंडळीत धडकी भरली. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी मी दीनामावशीचं नाव पंचांपुढे ठेवलं. मग बाकीच्यांचे दाखले बघायची गोष्ट मागे पडली. एक मासा सापडला की जाळं गुंडाळतात.

मला ते कसं कळलं, तेही सांगते. दीनामावशीची नात सुवार्ता, आईविना वाढलेली पोर, तिला पुण्याला सरकारी इस्पितळात नर्सिंगला जायचं होतं. अर्ज भरून घ्यायला ती दाखला घेऊन माझ्याकडेच आली, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मी अर्ज सुंदर अक्षरात भरून दिला. पोरगी खूश होऊन गेली. तिच्या मागोमाग मी पाळकसाहेबांकडे गेले.

दीनामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती बोर्डिंगची स्वयंपाकीण, चाळीस मुलींची मावशी. पण आई गेल्यावर बाप मला सहा वर्षांची बोर्डिंगच्या फाटकात सोडून गेला तो परत आला नाही, आणि माझ्या केसांतल्या उवा काढल्या त्या दीनामावशीनं. शनिवारी दुपारी ती भाकर करायची. गव्हाची जाड, बिनमिठाची, बिनखमिराची पोळी, तव्यावर मंद भाजलेली. ती गार झाली की सुरीनं बारीक चौकोनी तुकडे. पोळी गोल आणि तुकडे चौकोनी, तेव्हा कडा उरायच्या. प्रभुभोजनाच्या मेजावर जायचे ते तुकडे, मोठ्यांसाठी. आम्ही मुली अजून मेजावर जाण्याजोग्या नव्हतो, म्हणून कडा आमच्या, वर गुळाचा खडा. मी तिच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि विचारायची, मला तुकडा कधी मिळणार? ती म्हणायची, "मिळंल की. तवर कडा खा. एकाच पोळीचं हाय सगळं."

तर ती दीनामावशी आता माझ्यासमोर उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही.

आढावकाकांना शेवटी बोलायला जागा सापडली. हे पहिल्यांदाच केलं, की आधीही कुणासाठी केलं होतं, असं त्यांनी विचारलं. 

 बोटांवरची वाळलेली कणीक मावशी अंगठ्यानं सोलत राहिली. मी वहीत तारीख लिहिली. मग तीच तारीख पुन्हा गिरवली.

"दीनाबाई, उत्तर द्या," पाळकसाहेब म्हणाले.

"सुवार्तेचं विचारलं, सुवार्तेचं सांगितलं. दुसऱ्याचं मला विचारू नका."

"म्हणजे दुसरं आहे?"

"कणीक झाकून आलेय, पाळकसाहेब. वाळून जाईल."

तिला बाहेर थांबायला सांगितलं. पाळकसाहेब मनानं वाईट नव्हते. बाईनं खरं कबूल केलंय, तीन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवलं तरी पुरे, असं त्यांचं मत पडलं. आढावकाका म्हणाले, निम्मं कबूल केलंय. निम्मं पोटात ठेवलं, त्याचं काय? मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. नाव मी आणलं होतं, तेव्हा मीच सांगावं म्हणाले.

मी चष्मा सारखा केला आणि म्हटलं, "सहा महिने. विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही."

शांतवन मास्तरांनी मान डोलवली.

मावशीला परत आत घेऊन निर्णय वाचून दाखवला, तोही मीच. पाळकसाहेबांनी मंडळीचा जुना नियमही वाचायला लावला. हा नियम आमच्याच मंडळीचा, पहिल्या पिढीनं केलेला. ज्यानं नाव आणलं त्यानं, मुदत संपल्यावर, त्या माणसाच्या घरी स्वतः जावं आणि हात धरून त्याला मेजापर्यंत आणावं. कुणी उठून उगाच कुणाचं नाव आणू नये, म्हणून जुन्या माणसांनी ती मेख मारून ठेवली होती.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "उद्याची भाकर कोण करील?"

आढावकाका म्हणाले, जिला मेजावर यायचं नाही तिच्या हातची भाकर मेजावर कशी चालेल? पाळकसाहेब टेबलावरून नजर न उचलता म्हणाले, "दीनाबाईच करतील."

ती गेली. दाराच्या कडीला थोडी कणीक लागून राहिली. ती मी नंतर नखानं खरवडून काढली.

प्रभुभोजनाच्या आधी आमच्याकडे एक गीत होतं. त्या गीताच्या वेळी लहान मुलं, आणि ज्यांना मेजावर यायचं नाही ती माणसं, उठून बाहेर चिंचेखाली जाऊन बसत. दुसऱ्या दिवशी गीत सुरू झालं आणि दीनामावशी शेवटच्या बाकावरून उठली. मला वाटलं होतं ती त्या दिवशी घरीच राहील, निदान तोंड लपवील. तिनं दोन पोरींची बोटं धरली आणि त्यांच्याबरोबर बाहेर गेली, जणू तिला मुलं सांभाळायचं काम दिलं होतं. आत आम्ही तिनं केलेली भाकर खाल्ली. बाहेरून मुलांचं हसू ऐकू आलं. माझा तुकडा कोरडा लागला. मनुकांच्या रसाचा प्याला आल्यावर कसाबसा गेला.

असं सहा महिने चाललं. दर शनिवारी नाही, पण दर पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी चारच्या आत चर्चमागच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या फडक्यात बांधलेले तुकडे येऊन पडायचे. एकसारखे, मोजूनमापून कापलेले. सुवार्तेला नर्सिंगची जागा मिळाली, ती पुण्याला गेली. मावशी खोलीत एकटी राहिली. रस्त्यात गाठ पडली की ती थांबायची आणि मी घाईत असायची. एवढी घाई मला जन्मात कधी नव्हती.

फेब्रुवारीत मुदत संपली. आता मी जायचं होतं.

माझ्या घरापासून मावशीची खोली दोनशे पावलं. मी गेले नाही. मी मंडळीच्या छापील कागदावर सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं, की आपली मुदत पूर्ण झाली असून आपण येत्या रविवारी मेजावर येऊ शकता. खाली सही केली, शिक्का मारला, आणि ते पोस्टात टाकलं. दोनशे पावलांवरचं पत्र तालुक्याला जाऊन, शिक्के खाऊन, तिसऱ्या दिवशी तिला मिळालं.

रविवारी ती चर्चला आली आणि गीत सुरू झाल्यावर उठून चिंचेखाली गेली.

पुढच्या बैठकीत पाळकसाहेबांनी विचारलं. मी सांगितलं, कळवलं होतं, त्या आल्या नाहीत. हे खोटं नव्हतं, आणि असल्या खऱ्याची मला आजही शिसारी येते. आढावकाका म्हणाले, बाईला गर्व झालाय. मी वहीत लिहिलं, 'कळवले. आल्या नाहीत.' मार्चमध्ये तेच लिहिलं. एप्रिलपासून कुणी विचारायचंच सोडलं. माणूस बाहेर बसायची सवय त्या माणसाला लागायच्या आधी आतल्यांना लागते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी चार वाजले, साडेचार वाजले, टेबलावर फडकं आलं नाही.

मी पाच मिनिटं थांबले. चिटणीस या नात्यानं चौकशी करायला हवी असं स्वतःला सांगितलं आणि निघाले. त्या दोनशे पावलांत मला चौदा महिने लागले होते.

मावशी खाटेवर होती. दार उघडंच होतं. चेहरा एका बाजूला किंचित ओढलेला, उजवा हात पोटावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला. शेजारीण पाणी-चहा देऊन जात होती. मंगळवारी न्हाणीत पडली आणि उठली तेव्हा हात गेला होता. सुवार्तेला पत्र गेलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि का सांगावं?

"आलीस," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होता. "पीठ तिथं डब्यात. परात खाली हाय."

"मावशी, मी..."

"बोलू मग. उजेड हाय तवर मळ. उद्या पैला रविवार."

मी पदर खोचला आणि खाली बसले. पाणी जास्त पडलं. ती खाटेवरून बघत होती. घट्ट मळ म्हणाली, सैल कणकीचे तुकडे पडत नाहीत. मी वर पीठ टाकलं, पुन्हा मळलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले होते आणि कडा खाण्यापलीकडे त्या पोळीतलं मला काही येत नव्हतं. तवा तापला. पहिली पोळी करपली. ती म्हणाली, ती आपल्याला.

दुसरी पोळी तव्यावर असताना मी तिच्याकडे पाठ करूनच विचारलं. तोंड करून विचारायची हिंमत नव्हती.

"त्या दिवशी तू माझं नाव का सांगितलं नाहीस?"

आता हे मलाच लिहायला पाहिजे. मी सोळा वर्षांची होते तेव्हा मला मास्तरीण व्हायचं होतं आणि ट्रेनिंगला जागा मिळण्याचा एकच रस्ता होता. दीनामावशी मला एसटीनं तालुक्याच्या शाळेत घेऊन गेली. हेडमास्तरांच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, हिच्या दाखल्यावर हिंदू लावा. जात मी सांगते. परतीच्या एसटीत मी रडत होते. ती म्हणाली होती, "हे खोटं माझ्या नावावर. तू फक्त शिक." तो दाखला माझ्या ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. आढावकाकांनी सगळ्यांचे दाखले मागितले तेव्हा मला चार दिवस जेवण गेलं नव्हतं. आणि पाचव्या दिवशी सुवार्ता तिचा दाखला घेऊन माझ्या दारात आली.

'पहिल्यांदाच केलं का?' या प्रश्नाचं उत्तर दीनामावशीच्या समोर बसलं होतं, चष्मा लावून. त्या सहा महिन्यांतले तीन महिने माझे होते. पुढचे आठ तर सगळेच माझे.

"पोळी उलट," ती म्हणाली.

मी उलटली.

"तू माझं सांगितलंस म्हणून मी तुझं सांगायचं व्हय?"

"सांगितलं असतंस तर मी पण बाहेर बसले असते. बरोबरच झालं असतं ते."

"आन मग मला आणायला कोण आलं असतं?" तिनं दम घेतला. "मी म्हणलं, दोघीबी बाहेर बसलो तर आत आपलं कोण? एक तरी आत राहू दे. सहा महिन्यांनी यील आन मला नेईल. नियमच हाय तसा."

मी पोळी तव्यावरून उतरवली.

"फेब्रुवारीत मी लुगडं धुवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पांढरं. तुझं पत्र आलं."

"मावशी..."

"अक्षर चांगलं हाय तुझं. पण पत्राचा हात धरून यायचं होतं का मी?"

आणि ती हसली. ओढलेल्या तोंडानं, अर्धंच. मी रडायला लागले तर म्हणाली, अश्रू परातीत पाडू नको, भाकर बिनमिठाची असते. मग तिनं डोळे मिटले आणि वर आढ्याकडे तोंड करून म्हणाली, प्रभूच्या जवळच्या माणसानं त्याला तीनदा नाकारलं तरी प्रभूनं त्याच्याच हातात कळप दिला. मी तर दोनदाच नाकारलं, एकदा तुझ्या दाखल्यावर, एकदा सुवार्तेच्या.

पोळ्या गार झाल्यावर मी सुरी घेतली. तिनं सांगितलं तसं कापलं. माझे तुकडे वेडेवाकडे झाले. कडा एका ताटलीत गोळा झाल्या आणि त्यातली एक मी तिच्या तोंडात दिली. ती चघळता चघळता म्हणाली, चौदा महिने हेच खाल्लं मी. रविवारी तुम्ही आत खायचा, त्याच वेळेला चिंचेखाली पोरांबरोबर. पोरांना एकेक, मला एक. एकाच पोळीचं हाय सगळं.

मला ते माहीत नव्हतं. दीडशे माणसांच्या मंडळीत ते फक्त मुलांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा शेजारणीनं तिला पांढरं लुगडं नेसवून ठेवलं होतं. उजवा हात चालत नव्हता म्हणून मी डावा धरला. दोनशे पावलांना आम्हाला अर्धा तास लागला. चर्चमध्ये सगळ्यांनी मागे वळून बघितलं. गीत सुरू झालं, मुलं उठली, आणि दोघी-तिघी पोरी सवयीनं मावशीचं बोट धरायला आल्या. मी मान हलवली. तिला घेऊन सरळ मधल्या वाटेनं मेजापर्यंत गेले. पाळकसाहेब उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं नव्हतं का, माणूस वाईट नव्हता.

मी तिला पुढच्या बाकावर बसवलं. मग तिचा हात सोडला आणि मंडळीकडे तोंड केलं.

"आणखी एक नाव आहे," मी म्हणाले. "मार्था बोर्डे. माझ्या ट्रेनिंगच्या दाखल्यावर हिंदू आहे. गेल्या वर्षी दीनामावशीला विचारलं, आधी कुणासाठी केलं होतं का. ते माझ्यासाठी केलं होतं. मी तिथंच बसले होते आणि बोलले नाही."

 मग आढावकाका काठीवर रेलून उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते म्हणाले, सहा महिने होतील, ते ठीक. पण हिचं नाव हिनंच आणलंय. मुदत संपल्यावर हिला हात धरून आणायचं कुणी? नियमात हे बसत नाही.

"मी आणीन," दीनामावशी म्हणाली.

मी मुलांबरोबर बाहेर गेले. चिंचेखाली बसले. तिसरीतल्या एका पोरीनं मला विचारलं, बाई, तुम्ही काय केलं? मी म्हटलं, खोटं बोलले. तिनं विचारलं, मग छड्या बसल्या का? मी म्हटलं, अजून नाही. ती माझ्या जवळ सरकून बसली. आतून पाळकसाहेबांचा आवाज येत होता, मग तो थांबला, आणि मला कळलं, की या क्षणी आत तुकडे वाटले जात आहेत आणि मावशीच्या डाव्या हातावर एक ठेवला जातोय. माझा वेडावाकडा कापलेला. मेजावर बसून खाल्लेल्या कुठल्याही भाकरीनं माझं पोट इतकं भरलं नव्हतं.

उपासना सुटली. मावशी पाळकसाहेबांच्या आधारानं पायऱ्या उतरली आणि चिंचेपाशी आली. डाव्या हातानं पदराची गाठ सोडायचा प्रयत्न करत होती, ती त्या पोरीनंच सोडली. आत कडा होत्या.

"घे," ती म्हणाली. "गूळ ऱ्हायला."

त्यानंतर प्रत्येक पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी मी तिच्याकडे जायची. ती खाटेवरून सांगायची, मी मळायची. नोव्हेंबरात तुकडे बरे पडायला लागले, डिसेंबरात चौकोनी. नाताळात सुवार्ता आली, तिचा पांढरा गणवेश घालून तिनं आजीला दाखवला. मावशी मला म्हणाली, बघ, कागदावर काहीबी लिहिलं तरी पोर कुणाची सेवा करती. मग म्हणाली, एप्रिलचा पैला रविवार ध्यानात ठेव, मी येणार हाय तुला न्यायला. माझ्या मनात आलं, तोवर हात बरा होईल.

जानेवारीच्या एकवीस तारखेला ती गेली.

एप्रिलचा पहिला रविवार आला. आदल्या दिवशी भाकर मीच केली होती. गीत सुरू झालं, मी उठले, मुलांबरोबर चिंचेखाली जाऊन बसले. माझ्यासाठी कुणी यायचं नव्हतं. 'मी आणीन' म्हणाली होती, ती मातीत होती. पण मी डोळे दाराकडेच लावून बसले होते. मला खरोखर वाटत होतं, की पांढरं लुगडं दिसेल.

दार उघडलं. पाळकसाहेब बाहेर आले, अंगावर झगा तसाच. भर उपासना सोडून, मेजावरची भाकर झाकून. पायऱ्या उतरून ते मुलांच्या मधून वाट काढत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "दीनाबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मला बोलावून सांगून गेल्या. म्हणाल्या, माझ्याऐवजी तुम्ही जा. पत्र पाठवू नका."

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला आणि आत गेले.

या गोष्टीला आता सेहेचाळीस वर्षं झाली. पाळक बदलले, आढावकाका गेले, तो नियम आता कुणाला आठवतही नाही. भाकर अजून मीच करते. कडा मुलांना देते, वर गुळाचा खडा. पहिल्या रविवारी मेजावर माझी जागा असते आणि कुणी मला तिथून उठवत नाही. तरी गीत सुरू झालं की माझा हात आपोआप बाकावरून जरासा पुढे होतो. पाळकसाहेबांचा हात चांगला होता, मऊ होता, स्वच्छ होता. पण मी वाट पाहत होते तो कणीक लागलेला होता, आणि अजून पाहते.